इन्स्टॉल झालं, पण उठेना: कोअर टू ड्युओवर विंडोज ११

मशीन मिरजेतल्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानातलं. इंटेलचा कोअर टू ड्युओ ई८४०० प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, आणि जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी बसवलेली २४० जीबीची नवी एसएसडी. तक्रार मालकांच्याच शब्दांत: "विंडोज अकरा टाकून घेतलंय. त्या पोराच्या दुकानात चालू झालेलं मी स्वतः बघितलंय. हितं आणलं की मरतंय. काय तरी बघा की ओ."

या तक्रारीतच निम्मं निदान आहे. एसएसडी एका मशीनवर व्यवस्थित उठते आणि दुसऱ्यावर उठत नाही, म्हणजे विंडोजच्या फायली खराब झाल्याची शक्यता कमी. दोष त्या दोन मशीनमधल्या फरकात शोधायचा. पण आपल्या धंद्यात 'चालू होत नाही' एवढं ऐकलं की हात आपोआप पेनड्राइव्हकडे जातो आणि पुन्हा फॉरमॅट सुरू होतं. इथंही आधी तेच झालं होतं.

पार्श्वभूमी अशी. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. त्याआधीपासून पडद्यावर सूचना येत होत्या, आणि दुकानातल्या मुलानं 'आता हॅक होईल' असं सांगून मालकांना घाबरवलं. तुळशीची लग्नं लागली की पत्रिकांची घाई सुरू, तेव्हा त्याआधी काम उरकून घ्यावं असं ठरलं. टेक्निशियननं, म्हणजे तक्रारीतल्या 'त्या पोरा'नं, रूफस या साधनानं विंडोज टाकण्याचा पेनड्राइव्ह बनवला. टीपीएम (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूट प्रोग्राम चालू देणारी सोय) आणि रॅमच्या अटी वगळण्याच्या पर्यायावर टिचकी मारली आणि विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती घेतली. या मशीनला पेनड्राइव्ह लावला की ते नुसतं रीस्टार्ट व्हायचं. 'जुना बोर्ड आहे, पेनड्राइव्ह नीट घेत नाही' असा निष्कर्ष काढून त्यानं एसएसडी आपल्या दुकानातल्या नव्या मशीनला जोडली, तिथं विंडोज टाकलं, सुरू करून दाखवलं आणि आणून बसवली. एसएसडी दुसरीकडे तयार करून आणणं ही पद्धत चुकीची नाही, मीही वापरतो. फक्त या वेळी पेनड्राइव्हवरून होणारं रीस्टार्ट हाच मुख्य पुरावा होता, आणि वळसा घालून गेल्यामुळं तो नजरेआड झाला. ही हकिकत मला फोनवर विचारल्यावर कळली, तीही बऱ्याच उशिरा.

माझ्याकडं मशीन आलं तेव्हा पडद्यावर दिसत होतं ते वेगळंच. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ: 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. ही ओळ बायॉसची, म्हणजे मशीन चालू होताच आधी चालणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रामची असते. म्हणजे विंडोजपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. बायॉसमध्ये गेलो तर एसएसडी नावासकट दिसत होती, बूटच्या क्रमातही पहिली. केबल ठीक, डिस्क ठीक.

उलगडा सोपा होता. टेक्निशियनचं मशीन यूईएफआयचं, म्हणजे बायॉसच्या नव्या अवताराचं, त्यामुळं इन्स्टॉलरनं डिस्कची विभागणी जीपीटी या नव्या पद्धतीनं केली होती. हा जी४१ बोर्ड जुन्या बायॉसचा. जुनं बायॉस डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट्स, उचलतं आणि त्यातला कोड चालवतं. विंडोजनं केलेल्या जीपीटी डिस्कवर त्या जागी बूटचा कोड नसतो, फक्त 'ही डिस्क रिकामी समजू नका' असं जुन्या प्रोग्रामना सांगणारी नोंद असते. यूईएफआयला लागणारी फाइल वेगळ्या छोट्या विभागात पडून असते आणि या बोर्डाला तो विभाग वाचण्याची अक्कलच नाही.

एमबीआर या जुन्या विभागणीचं जीपीटी करून देणारं साधन विंडोजबरोबर येतं, उलट्या दिशेचं येत नाही. म्हणून एसएसडी माझ्या मशीनला जोडली, विंडोजमधलं डिझम वापरून मुख्य विभागाची इमेज, म्हणजे पूर्ण प्रत, बाहेरच्या डिस्कवर घेतली, डिस्क विभागणाऱ्या डिस्कपार्टनं एसएसडी साफ करून एमबीआर केली, सुरुवातीला छोटा विभाग करून तो अ‍ॅक्टिव्ह केला, इमेज परत ओतली आणि बीसीडीबूटला बायॉससाठीच्या बूट फायली लिहायला सांगितल्या. काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. आधी मजकूर दुसरीकडे घेतल्याशिवाय डिस्कपार्टचा 'क्लीन' मात्र कोणी चालवू नये, तो पुन्हा विचारत नाही.

आता खरं तर मला निळ्या पडद्याची अपेक्षा होती. जी४१बरोबर साधारणपणे आयसीएच७ हा साउथब्रिज, म्हणजे डिस्क आणि पोर्ट सांभाळणारी चिप, येतो आणि डेस्कटॉपच्या साध्या आयसीएच७ला एएचसीआय, म्हणजे साटा डिस्क चालवण्याची नवी पद्धत, जमत नाही, साटा डिस्कही तो जुन्या आयडीई पद्धतीनं चालवतो. एएचसीआयच्या मशीनवर तयार झालेलं विंडोज अशा बोर्डावर आणलं की डिस्कचा योग्य ड्रायव्हर सुरुवातीला जागा होत नाही आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', कोड ७बी, असा पडदा येतो. त्याची दवा माहीत आहे: सेफ मोडमध्ये एकदा उठवायचं, किंवा बाहेरून रजिस्ट्री उघडून तो ड्रायव्हर सुरुवातीलाच चालू होईल असं करायचं. ७बी आला असता तर मला बरंच वाटलं असतं. निळा पडदा दिसला याचा अर्थ विंडोजचा कर्नल, म्हणजे गाभा, चालू झाला, त्याला अडचण कळली आणि ती सांगण्याइतका तो शुद्धीवर आहे.

तसं काही आलं नाही. विंडोजचा चार चौकटींचा लोगो क्षणभर दिसला, खाली फिरणारे ठिपके सुरू होण्याआधीच पडदा काळा झाला आणि बोर्डाचा पहिला पडदा परत आला. मग पुन्हा लोगो, पुन्हा काळोख. कोड नाही, संदेश नाही, काही नाही.

अशा मुक्या रीस्टार्टला दुकानात ठरलेलं उत्तर असतं: एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, गेला. कधी कधी ते बरोबरही असतं. पण एसएमपीएस दमतो तेव्हा मशीन दर वेळी त्याच क्षणी मरत नाही. कधी बायॉसमध्येच, कधी लोगोनंतर, कधी चांगलं अर्धा तास चालून. इथं मरण्याची जागा ठरलेली होती. शिवाय जुनी हार्ड डिस्क परत जोडली तर तिच्यावरचं विंडोज १० निवांत उठत होतं आणि दुपारभर चालू राहत होतं. रॅमची मेमटेस्टनं तपासणी केली, चूक निघाली नाही. हार्डवेअर मोडलेलं नव्हतं.

मग विंडोजच्या बाजूनं दोन गोष्टी केल्या. बूटच्या नोंदी बाहेरून बदलून एफ८चा जुना मेनू चालू केला आणि 'बिघाड झाल्यावर आपोआप रीस्टार्ट करू नको' हा पर्याय निवडला. फरक शून्य. दुसरं, बूट लॉग चालू केला, म्हणजे कोणकोणते ड्रायव्हर चढले त्याची यादी फाइलमध्ये लिहिली जाते. नंतर एसएसडी दुसऱ्या मशीनला जोडून पाहिलं तर ती फाइल तयारच झाली नव्हती. म्हणजे रीस्टार्ट विंडोज करत नव्हतं. ते ज्याच्या हातात मशीन येण्याआधीच घडत होतं, त्याला न करण्याचा हुकूम देऊन काय उपयोग?

इथं जरा आत डोकावायला हवं. प्रोसेसरला न समजणारी सूचना, म्हणजे प्रोग्राममधला हुकूम, समोर आली की तो 'इनव्हॅलिड ऑपकोड' असा अपवाद उभा करतो, इंटेल-एएमडीच्या x८६ पद्धतीतला सहाव्या क्रमांकाचा. तो हाताळायला सिस्टिमनं काही व्यवस्था केली असेल तर ती चालते, निळा पडदा दिसतो, मेमरीची नोंद (डंप) फाइलमध्ये लिहिली जाते. कर्नल अगदी सुरुवातीच्या पावलांवर असेल आणि ती व्यवस्था उभीच नसेल, किंवा त्या व्यवस्थेच्या कोडमध्येही तीच अनोळखी सूचना असेल, तर अपवाद हाताळताना दुसरा अपवाद, त्यावर तिसरा. याला ट्रिपल फॉल्ट म्हणतात आणि त्यावर पीसी एकच गोष्ट करतो: स्वतःला रीसेट. बाहेरून ते वीज गेल्यासारखं दिसतं.

संशय इथपर्यंत आला तेव्हा एसएसडी काढूनच ठेवली. २४एच२चा पेनड्राइव्ह बायॉसच्या पद्धतीनं बनवून लावला. लोगो, काळोख, रीस्टार्ट. डिस्क नसतानाही मरण्याची जागा तीच. मग त्याआधीच्या २३एच२ आवृत्तीचा पेनड्राइव्ह लावला, आणि भाषा निवडण्याचा पडदा निमूट समोर आला. त्याच पोर्टला, त्याच रॅमवर. टेक्निशियननं 'पेनड्राइव्ह घेत नाही' म्हणून सोडून दिलेली गोष्ट ती हीच.

शेवटचा पुरावा लिनक्सनं दिला. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन उठवून प्रोसेसरच्या क्षमतांची यादी काढली. त्या यादीत एसएसई४_१ आहे, एसएसई४_२ नाही (हे प्रोसेसरच्या जास्तीच्या सूचनांचे संच), आणि पॉपसीएनटीही नाही. विंडोजमध्येच बघायचं असेल तर सिसइंटर्नल्सचं कोअरइन्फो हे छोटं साधन आहे. ज्या क्षमता आहेत त्यांच्यापुढं तारांकन, नाहीत त्यांच्यापुढं आडवी रेघ.

पॉपसीएनटी ही अगदी साधी सूचना आहे: एखाद्या संख्येत एक असलेले बिट किती ते मोजणं. ती नसली तर हेच काम डझनभर साध्या सूचनांनी होतं, आणि इतकी वर्षं विंडोज तसंच करत होतं. २०२४च्या सुरुवातीला २४एच२च्या चाचणी आवृत्त्यांमध्ये दिसलं की कर्नलसकट अनेक फायली आता ही सूचना गृहीत धरूनच बांधल्या आहेत. काही आठवड्यांनी अट आणखी वर गेली आणि एसएसई ४.२चा पूर्ण संच लागू लागला. इंटेलमध्ये हा संच नेहालेम पिढीबरोबर नोव्हेंबर २००८मध्ये आला. आपला ई८४०० त्याच वर्षीच्या जानेवारीतला. एएमडीचं आणखी विचित्र: फेनम टू प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी आहे पण एसएसई ४.२ नाही, त्यामुळं पहिल्या अटीतून सुटलेले ते दुसऱ्या अटीत अडकले. तिथं हा संच २०११च्या बुलडोझरपासून मिळतो. २५एच२ ही २४एच२च्याच पायावर उभी असल्यानं तिथंही वेगळं काही होणार नाही.

'असमर्थित' या एका शिक्क्याखाली दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. टीपीएम २.० हवं, सिक्युअर बूट हवं, इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची हवी, या अटी इन्स्टॉलर तपासतो. त्या कागदावरच्या आहेत. रजिस्ट्रीतल्या तीन नोंदींनी किंवा रूफसच्या एका टिचकीनं त्यांना चुकवता येतं, आणि मग चौथ्या पिढीचा आय३सुद्धा विंडोज ११ चालवतो. फाटकावरच्या रखवालदाराची नजर चुकवून आत जाण्यासारखंच ते. एसएसई ४.२ची अट कोणी तपासत नाही, ती सिलिकॉनमध्ये आहे. आणि ती इशाराही देत नाही, कारण इशारा द्यायला जो प्रोग्राम चालू व्हायला हवा तो त्याच कर्नलवर चालतो. इन्स्टॉलरनं 'हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही' असा पडदा दाखवला तर समजावं की निदान कर्नल तरी चालतोय.

हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. २०१२च्या विंडोज ८नं प्रोसेसरमध्ये पीएई, एनएक्स आणि एसएसई२ या क्षमता असण्याची अट घातली तेव्हा काही जुने पेंटियम एम गळले. २०१८मध्ये विंडोज ७च्या एका मासिक अद्यतनानंतर एसएसई२ नसलेली, म्हणजे पेंटियम थ्रीच्या काळातली मशीनं कोसळू लागली. तिथं तर लोकांनी नवं काही टाकलंही नव्हतं.

मालकांना हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला तो रास्त होता: "मग प्रोसेसर बदलला तर?" या बोर्डाचं सॉकेट एलजीए ७७५. त्यावर क्वाड क्यू९६५० बसतो, खटपट करणारे ७७१ सॉकेटचे झिऑनही बसवतात. सगळे त्याच पिढीपर्यंतचे. या सॉकेटसाठी एसएसई ४.२ असलेला प्रोसेसर निघालाच नाही. जुन्या बाजारातून क्वाड आणून कोणी हजार-दोन हजार खर्च केले असते तर लोगो जरा लवकर दिसला असता आणि जरा लवकर गेला असता.

सॉफ्टवेअरनं ती सूचना भासवता येईल का, असंही एकानं विचारलं. मॅकच्या जगात असं झालंय. २००८च्या मॅक प्रोवर एएमडीच्या नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरला एसएसई ४.२ लागू लागलं तेव्हा एका हौशी प्रोग्रामरनं असा कर्नल एक्स्टेन्शन लिहिला की अनोळखी सूचना पकडायची आणि तिचं काम स्वतः करून द्यायचं. ते जमलं, कारण तिथं कर्नल स्वतः धडधाकट उठत होता आणि नड फक्त ड्रायव्हरची होती. इथं कर्नललाच ती सूचना हवी, तर भासवणारा चढणार कधी?

२३एच२ टाकणं शक्य होतं, ते चाललंही असतं. पण होम आणि प्रोसाठी त्या आवृत्तीचा सपोर्ट ११ नोव्हेंबर २०२५ला संपला. ज्या भीतीनं हा सगळा खटाटोप सुरू झाला तीच पुन्हा दारात. लिनक्सचा विचार केला. डेबियनची ६४-बिट आवृत्ती या प्रोसेसरवर चालते. पण 'लिनक्स कशावरही चालतं' हे आता जसंच्या तसं खरं नाही: रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९नं २०२२मध्ये x८६-६४-व्ही२ हा पाया धरला, आणि त्या पायात पॉपसीएनटी व एसएसई ४.२ दोन्ही येतात. ई८४०० तिथंही बाहेर.

आणि मग मागे वळून मशीनच्या पाठीमागं नीट पाहिलं. एलपीटी पोर्टला, जुन्या प्रिंटरच्या त्या रुंद जांभळ्या पोर्टला, बोटभर डोंगल लावलेला होता. पत्रिकांची सगळी जुळणी ज्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये होते त्याचं ते कुलूप. जुनी डिस्क पुन्हा चालू करून सिस्टिमची माहिती उघडली: विंडोज १०, ३२-बिट. डोंगलचा ड्रायव्हरही ३२-बिट. ६४-बिट विंडोजच्या कर्नलमध्ये ३२-बिट ड्रायव्हर चढत नाही, आणि विंडोज ११ची ३२-बिट आवृत्तीच नाही. म्हणजे समजा प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ असतं, समजा डिस्क पहिल्याच दिवशी एमबीआर झाली असती, तरी विंडोज ११ छान उठलं असतं आणि त्यावर एकही पत्रिका जुळवता आली नसती. टेक्निशियनला हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यानंही विचारलं नव्हतं. मालकांच्या लेखी तो डोंगल म्हणजे 'तिथं लावलेलं ते, काढायचं नाही'.

त्यामुळं दुरुस्तीचा आराखडाच बदलला. जुन्या हार्ड डिस्कची, म्हणजे विंडोज १० ३२-बिटची, नक्कल एसएसडीवर उतरवली. ती डिस्क मुळातच एमबीआर आणि आयडीई पद्धतीची असल्यानं काही न कुरकुरता उठली, आणि आधीपेक्षा बऱ्याच वेगानं. मूळ डिस्क पिशवीत घालून कपाटात. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अद्यतनं विंडोज १०ला १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. त्यासाठी २२एच२ आवृत्ती लागते, ती आधीच होती. तरी नेटची केबल काढूनच ठेवायला सांगितली. हे मशीन फक्त जुळणी करणार.

ग्राहकांचा मजकूर व्हॉट्सॲपवर येतो, पीडीएफ तिथूनच पुढं जातात, बिलंही असतात. त्यासाठी आठव्या पिढीच्या आय५चं एक रिफर्बिश्ड मशीन घेतलं. त्यावर २४एच२ कुठलीही टिचकी न मारता बसलं. जुळणीच्या मशीनवरून पीडीएफ एका ठरावीक पेनड्राइव्हनं तिकडं जाते, ग्राहकांचे पेनड्राइव्ह मात्र फक्त नव्या मशीनलाच लावायचे. पहिल्या आठवड्यात हा नियम मोडला गेला असणार, माझी खात्री आहे.

डीटीपी सॉफ्टवेअरच्या यूएसबी डोंगलवाल्या आवृत्तीची चौकशी चालू आहे. ती आली की ई८४०० काढून टाकायचा, हे मालकांना पटलंय. लग्नसराई संपेपर्यंत मात्र त्याला कोणी हात लावायचा नाही, अशी त्यांची अट आहे.